राधेची जोडवी

लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत सुंदराबाई राहायची. मूळची देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आली आणि वर्षभरातच नवऱ्यानं, दौलतनं, तिला आपल्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात लावून दिलं. तेव्हापासून ती उभीच. वाइंडिंगच्या बाईला बसायला मिळत नाही. सूत तुटलं की गाठ मारायची, भरलेली कांडी काढायची, रिकामी चढवायची, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं. संध्याकाळी खोलीवर आली की ती आधी मोरीत जाऊन पायांवर तांब्याभर पाणी ओतायची, मग चुलीकडे बघायची. अंगानं सडपातळ, बोलणं कमी, हात मात्र विलक्षण हलके. खात्यातल्या बायका म्हणायच्या, सुंदराबाईनं मारलेली गाठ बोटाला लागत नाही.

सगळं होतं, एक मूल नव्हतं. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून झालं, नवस झाले, दादरच्या वैद्याच्या पुड्या झाल्या. गावाहून सासूचे निरोप येऊ लागले. दौलत स्वभावानं मऊ होता, तो बायकोला कधी वाकडं बोलला नाही, पण आईचा निरोप आला की दोन दिवस गप्प गप्प असायचा. त्या गप्प बसण्याचंच सुंदराबाईला ओझं व्हायचं. शेवटी एका मे महिन्यात ती स्वतःच गावी गेली आणि सासूला म्हणाली, सवत आणायचीच तर मी बघून आणते.

राधा तिनं पसंत केली. आईबाप नसलेली, भिवा नावाच्या भावाच्या घरी वाढलेली, विहिरीवरून दोन दोन कळशा आणणारी मुलगी. हसताना ती तोंडावर हात धरायची. सुंदराबाईला ते आवडलं, आणि आपल्याला ते आवडलं याचा नंतर तिला रागही आला. दुसरी बायको करायला कायद्यानं तेव्हा बंदी आली होती, पण गावच्या देवळात चार माणसांसमोर लागलेलं लग्न तपासायला मुंबईहून कोण जाणार होतं?

राधा मुंबईला आली. खोली एकच. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा लागला, आणि सुंदराबाई उकडतंय म्हणून आपलं अंथरूण गॅलरीत घालू लागली. थंडीतही तिला उकडायचं. चाळीतल्या बायका समजायच्या ते समजल्या. दोघींमध्ये भांडण कधी झालं नाही. भांडायलाही थोडी ओळख लागते. राधा तिला 'बाय' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, पण ते म्हणताना मान खाली. सुंदराबाई कामाला जायची, राधा रांधायची, आणि ताटावर बसल्यावर मीठ वाढण्यापुरतं बोलणं व्हायचं.

पुढच्या पावसाळ्यात राधेला दिवस गेले. सुंदराबाईला ते घरात कुणी सांगितलं नाही. नळावर शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवशी खात्यात तिच्या हातून सारखं सूत तुटत राहिलं, आणि मुकादमानं दोनदा मागे वळून पाहिलं.

दिवाळी झाली. शहरात तेव्हा एकच विषय होता. मुंबई महाराष्ट्रात येणार की नाही. दौलत पाळी सुटली की सभेला जायचा, मोर्चात जायचा, घसा बसवून घरी यायचा. घरात दोन बायका एकमेकींशी न बोलता बसलेल्या असायच्या. त्यापेक्षा त्याला रस्त्यावर बरं वाटत असेल, कोण जाणे. अशाच एका संध्याकाळी सुंदराबाई खोलीवर आली तेव्हा राधा पाटावर बसून तांदूळ निवडत होती. ती उठली, आणि पाटाच्या कडेची खाच तिच्या घोट्याच्या वर तशीच उमटलेली राहिली, मळलेल्या पिठात बोट रुतावं तशी. राधेनं चटकन लुगडं खाली ओढलं. चालताना ती भिंतीला हात लावत होती. सुंदराबाईनं तेव्हा नीट पाहिलं. पाय सुजून टम्म झालेले, घोट्याचं हाड कुठं गेलं ते दिसत नव्हतं, आणि जोडवी बोटांत रुतली होती.

सुंदराबाई खाली बसली. "हाड पाय हकडे," ती म्हणाली, आणि पाय पुढे करायची खूण केली.

राधा दोन पावलं मागे सरकली. थोरलीनं धाकटीच्या पायांना हात लावायचा म्हणजे पाप, असं ती पुटपुटली. आणि त्यातून सवत, पण तो शब्द दोघींपैकी कुणीच उच्चारला नाही.

"दिवसभर पायांवर उभी ऱ्हवतंय मी," सुंदराबाई म्हणाली. "पायांचा माका शिकव नको."

तिनं चुलीवर पाणी ठेवलं, सोसवेल इतपत कोमट केलं, त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं, आणि पितळी परातीत राधेचे पाय बुडवले. पाणी निवलं. मग तिनं वळकटी भिंतीला लावली, राधेला डाव्या कुशीवर निजवलं आणि पाय वळकटीवर चढवले. खोबरेल तेलाचा हात घेऊन ती बोटांकडून वर, घोट्यावरून पोटरीकडे, अगदी हलक्या हातानं चोळू लागली. जोर लावायचा नाही. सूत ओढताना लावतात तेवढीच ओढ. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं; स्वतःचे पाय सुजायचे तेव्हा भिंतीला पाय लावून पडायची आणि स्वतःच चोळायची, त्यातून जे कळलं ते. थोड्या वेळानं राधेचा श्वास संथ झाला. सुंदराबाईला वाटलं झोपली. मग दिसलं की ती डोळे उघडे ठेवून रडते आहे.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. गिरणीचा भोंगा झाला की राधा पाणी तापत ठेवायची. सुंदराबाईनं तिला सांगून ठेवलं होतं, पाय लोंबते ठेवून बसू नकोस, एकाच जागी उभी राहू नकोस, दुपारी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चाल. सकाळी सूज उतरलेली असायची, संध्याकाळपर्यंत पुन्हा चढायची, आणि पाय चेपता चेपता दोघी बोलू लागल्या. राधा आईविषयी सांगायची, जी तिला नीटशी आठवतही नव्हती. सुंदराबाई खात्यातल्या गमती सांगायची. एकदा सुंदराबाई दोन पाळ्या करून आली आणि उंबऱ्यातच बसली, तेव्हा राधेनं पोट सावरत परात तिच्यापुढे आणून ठेवली, आणि खाली वाकता येईना म्हणून पायानंच तिच्या पायांवर पाणी ढवळलं. दोघींना हसू आवरेना. दौलत दारात येऊन उभा राहिला, त्यानं हे पाहिलं आणि तोही ओशाळून हसला. त्या थंडीत सुंदराबाईचं अंथरूण गॅलरीतून आत आलं. आता दौलत बाहेर निजायचा.

जवळच्या सूतिकागृहात सुंदराबाई राधेला स्वतः घेऊन गेली. तिथल्या नर्सबाईनं पोट तपासलं, पायांवर बोट दाबून पाहिलं, आणि करता ते बरं करता म्हणाली. मग दाराशी येऊन तिनं बजावलं, "पाय सुजले तर घाबरू नका. पण तोंड सुजलं, हात सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाट बघू नका. उचला आणि मोठ्या इस्पितळात न्या." सुंदराबाईनं ते घरी येईपर्यंत मनात घोकलं.

संक्रांतीच्या आधी जोडव्यांनी हद्द केली. रुप्याची ती वेटोळी बोटांच्या मांसात गेली होती, कडेला कातडं सोलवटून पाणी येत होतं, बोट काळंनिळं दिसू लागलं होतं. राधेला पाऊल टेकवेना.

"काढूया," सुंदराबाई म्हणाली.

राधा घाबरली. जोडवी, मंगळसूत्र, कुंकू, हे नवरा असेपर्यंत उतरवायचं नसतं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. "जोडवी कशी काढू, बाय? घोव जिवंत आसा."

"पाय सडले तर जोडवी खंय घालतलंस?"

राधा तरी तयार होईना. संध्याकाळी दौलत आला तेव्हा सुंदराबाईनं त्यालाच विचारलं. त्यानं वाकून पाय पाहिले, त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तो म्हणाला की बाळंत झाल्यावर पुन्हा घाल, त्यात काय एवढं. मग सुंदराबाईनं साबणाचा फेस केला आणि गिरणीतलं मऊ सूत घेऊन बोटाला खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळलं, म्हणजे सूज दबते. सुताचं टोक जोडव्याखालून घेऊन हळूहळू उलगडत आणलं, तसं जोडवं सुतावरून सरकत वर आलं. राधेनं दात आवळले होते. दोन्ही निघाली तेव्हा तिनं इतका मोठा श्वास सोडला की दौलतला हसू आलं. खालची कातडी पांढरी फटक पडली होती. सुंदराबाईनं जखमेला हळद लावली आणि जोडवी फडक्यात बांधून देवाच्या फळीवर ठेवली.

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता तोच बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, दिल्लीच्या हाताखाली ठेवायची. लालबाग पेटलं. गिरण्या बंद पडल्या. रस्त्यावर दगडांचा खच, कोपऱ्या-कोपऱ्यावर पोलीस, संचारबंदी. चाळीच्या गॅलरीत उभं राहायलाही भीती, कारण गोळी कुठून येईल याचा नेम नव्हता. दौलतला दोघींनी घरात धरून ठेवलं होतं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी खाली आरडाओरडा झाला, चाळीतले पुरुष धावले, आणि तोही धावला. पायात चपलाही घातल्या नाहीत. तो दगड मारायला गेला, की पडलेल्या कुणाला उचलायला, की नुसता बघायला, हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही. नाक्यावर गोळीबार झाला. पळणारे सगळे पळाले. दौलत पळाला नाही, एवढंच.

शेजारच्या खोलीतले नाना, युनियनमधले वयस्कर गृहस्थ, दौलतच्या प्रेतासाठी दोन दिवस खेटे घालून चार माणसं घेऊन गेले आणि आग देऊन आले. संचारबंदीत बायकांना बाहेर पडता आलं नाही. नवऱ्याचं तोंड दोघींपैकी एकीलाही दिसलं नाही. नाना परत आले, मोरीशी उभे राहून त्यांनी पाय धुतले, आणि दोघींकडे न बघता म्हणाले, "झालं सगळं."

मग चाळीतल्या बायका आल्या. त्यांत पुढे कमलाबाई, दौलतच्या गावची, वयानं सगळ्यांत मोठी, असल्या वेळी काय करायचं ते जाणणारी. तिनं सुंदराबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. मग राधेची पाळी आली. बांगड्या झाल्या, कुंकू झालं. कमलाबाईनं लुगड्याचा काठ वर केला आणि तिचा हात तिथंच थांबला. पायांची बोटं मोकळी होती. जुन्या जखमेवर हळदीचा पिवळा डाग.

"हिची जोडवी खंय?" कमलाबाईनं विचारलं.

राधेनंच सांगितलं, लहान मुलानं सांगावं तसं, काही न लपवता. "बायन काढल्यान. पाय सुजलेले म्हणान."

कमलाबाईनं फडक्यातली जोडवी मागून घेतली, सुंदराबाईच्या जोडव्यांबरोबर एका पुरचुंडीत बांधली आणि समुद्रात टाकायला दिली. पण खोलीतल्या प्रत्येक बाईनं तेव्हाच मनात दिवस मोजले असणार. सवतीनं सवतीची जोडवी उतरवली आणि आठवडा उलटायच्या आत नवरा गेला. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या चाळीत झालं, आणि बंदरावर आगबोटी पुन्हा सुरू झाल्या तसं ते गावीही पोचलं. दौलत आपल्याच मर्जीनं चाळीतल्या पुरुषांमागे धावला होता, जोडवीही त्याच्याच शब्दानं निघाली होती. पण मेलेल्या माणसाची साक्ष कोण काढतो?

गिरण्या चालू झाल्यावर सुंदराबाई कामाला गेली. तिथं दिवसभर सूत गुंडाळलं जाताना डोळ्यांसमोर असायचं आणि तिला ते बोटाला गुंडाळलेलं सूत दिसायचं. असं कुठं असतं का, हे तिला कळत होतं. गोळी कुणाची जोडवी बघून येत नाही. पण कळणं एका बाजूला आणि मन एका बाजूला. घरी मात्र तिनं राधेचे पाय चेपायचे थांबवले नाहीत. राधा पाय पुढे करायची, पण आता बोलायची नाही.

गावाहून भिवा आला. बहिणीला बघून तो रडला. कमलाबाईनं त्याला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि त्यानं सुंदराबाईला बजावलं की तू आता हिला हात लावू नको. सुंदराबाईनं परात धुऊन पालथी घातली. त्यानंतर राधा एका बाजूला भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि सुंदराबाई दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षासारखंच.

काही दिवसांनी एका सकाळी सुंदराबाई कामाला निघताना राधेकडे वळली आणि थबकली. राधेचं तोंड ओळखू येत नव्हतं. पापण्या फुगलेल्या, गाल चकाकत होते. कमलाबाई आलीच होती. ती म्हणाली, रडून रडून सुजली बिचारी, दुसरं काय. भिवालाही तसंच वाटत होतं. सुंदराबाईलाही क्षणभर तसंच वाटलं. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता, तोंड सुजणार नाही तर काय होईल? ती जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. मग परत फिरली आणि दारातून राधेला म्हणाली, मूठ मिट बघू. राधेनं बोटं वळवायचा प्रयत्न केला. मूठ मिटेना. डोकं कालपासून घण घातल्यासारखं दुखतंय, ती हळूच म्हणाली, आणि बाय, तू माका दोन दिसतंस.

सुंदराबाईनं नानांच्या दारावर थाप मारली आणि गाडी आणायला सांगितली. भिवा आडवा आला. आता पुन्हा हिला काय करणार आहेस, असं त्यानं विचारलं नाही, पण त्याचे डोळे तेच विचारत होते.

"उद्या माका काय व्हया ता बोल," सुंदराबाई त्याला म्हणाली. "आज तिका उचल."

भिवानं उचललं. नाना घोडागाडी घेऊन आले होते. सुंदराबाई खाली पायांपाशी बसली आणि परळच्या इस्पितळापर्यंत राधेचं डोकं भिवाच्या मांडीवर आणि पाय तिच्या मांडीवर होते. इस्पितळाच्या पायरीवर राधेला आकडी आली. तोंडाला फेस, डोळे पांढरे, अंग धनुष्यासारखं. भिवा भिंतीला टेकून खाली बसला. आतली माणसं धावत आली आणि तिला घेऊन गेली.

सुंदराबाई बाहेर बाकावर बसून राहिली. बायका यायच्या, पाटी वाचता न येऊन तिलाच विचारायच्या, ती हातानं दिशा दाखवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि भिवाला म्हणाली की मुलगा आहे, दिवस भरायच्या आधी आलाय, कापसात ठेवलाय, पण रडला चांगला. आई अजून शुद्धीवर नाही, पण धोका टळतोय. अजून थोडा उशीर केला असता तर दोघंही हाताला लागली नसती. भिवानं हात जोडले. मग तो सुंदराबाईकडे वळला आणि तिच्यासाठी चहा आणायला निघून गेला.

चार दिवसांनी सुंदराबाईला आत सोडलं. राधा झोपली होती. तोंडावरची सूज ओसरली होती, आणि पांघरुणाबाहेर आलेले पाय पूर्वीसारखे बारीक झाले होते, घोट्याचं हाड वर आलेलं. सुंदराबाई बराच वेळ ते पाय बघत उभी राहिली. हात लावला नाही. पाळण्यात मूल मुठी आवळून पडलं होतं. सुंदराबाईनं आपलं एक बोट पुढे केलं, ते त्यानं धरलं, आणि नर्सनं बाहेर जायला सांगेपर्यंत तिनं ते सोडवून घेतलं नाही.

बाळ-बाळंतीण घरी आली. महिनाभर सुंदराबाईला कसलंच भान नव्हतं. पहाटे उठून पेज करायची, शेक द्यायची, कामावर जायची, भोंगा झाला की धावत घरी. तिला वाटू लागलं होतं की आता असंच चालेल. आपण कमवायचं, राधेनं घर बघायचं, पोर दोघींच्या मध्ये मोठं होईल. पण सासूचा निरोप आला. सून आणि नातू गावी आले पाहिजेत. दौलतच्या वंशाचा दिवा आहे, त्याच्यावर त्या बाईची सावली नको. निरोप आणणाऱ्यानं शेवटचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं, पण त्यानं गाळलं नाही.

भिवा वाईट माणूस नव्हता. त्यानं खाली मान घालून सांगितलं की तुझे उपकार मला कळतात, पण हे माझ्या हातात नाही. राधा गावी सासूच्या हाताखाली राहणार, तिथं तिला निभवायचं आहे.

निघायच्या दिवशी सकाळी भिवा सामान घेऊन खाली गेला. राधा बाळाला घेऊन उंबऱ्याशी बसली होती. सुंदराबाईनं इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. "राधे, तुका पण तसाच वाटता?"

राधा बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. नाही म्हणाली असती तर सुंदराबाई जन्मभर त्या एका शब्दावर जगली असती. हो म्हणाली असती तरी एकदा रडून मोकळी झाली असती. पण राधा खोटं बोलणारी नव्हती.

"माका म्हायत नाय, बाय," ती म्हणाली. "तू जोडवी काढलंस त्या दिवसापासून माजे पाय दुखूचे थांबले. येवढाच माका म्हायत आसा."

बोट सुटणार होती त्या भाऊच्या धक्क्यावर सुंदराबाई गेली नाही. ती कामावर गेली.

त्यानंतरची वर्षं तिची तशीच गेली. गणपतीला गावी जाऊन आलेल्या माणसांकडून कळायचं, पोरगा चालायला लागला, पोरगा बोलतो, बापासारखा दिसतो. राधा शेतावर राबते, सासूचं करते. चाळीत कुणाला दिवस गेले की त्या बाईला घरचे सुंदराबाईच्या दारावरून जाऊ देत नसत, पलीकडच्या टोकाच्या जिन्यानं जायला सांगत. सुंदराबाईला ते दिसायचं. पण एकदा वरच्या मजल्यावरची एक पोर, पायांनी हैराण झालेली, सासू बाजारात गेल्याचं बघून स्वतःच खाली आली आणि बसली. सुंदराबाईनं पाणी तापवलं. पाय चेपले, वळकटीवर ठेवायला सांगितले, आणि तिच्या जोडव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. साबण तिच्या हातात दिला आणि म्हणाली, जोडवी रुतत असतील तर तुझी तू काढ, नाहीतर आईकडून काढून घे. मग जाताना हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं. पुढे तशा आणखी दोघी-तिघी आल्या, लपूनछपून. बाळंतपण पार पडल्यावर त्या ओळख दाखवायच्या नाहीत. सुंदराबाईला त्याचं काही वाटत नाही, असं ती नानांना म्हणायची.

साठ साली महाराष्ट्र झाला. लालबागला रोषणाई, गुलाल, ढोल. चाळीच्या मंडळानं ठरवलं की आपल्या भागातले जे गोळीबारात गेले त्यांच्या घरच्यांना बोलावून नारळ आणि साडी द्यायची. कार्यकर्ते नानांकडे विचारायला आले की दौलतची बायको म्हणून कुणाला बसवायचं. नाना सुंदराबाईकडे घेऊन आले. पहिली बायको ती, मंगळसूत्र तिचं आधीचं, दौलतबरोबर सगळा संसार तिनं केलेला. नानांनी ते सगळं तिच्यासमोर बोलून दाखवलं.

"राधेक बोलवा," सुंदराबाई म्हणाली. "पोराची आवस ती."

तिला वाटलं होतं, त्या निमित्तानं पोर आणि त्याची आई दोघं येतील, खोलीवर दोन दिवस राहतील. तिनं फळीवरचे डबे घासले, गूळ-खोबऱ्याचे लाडू करून ठेवले. राधा आली, भिवा आला, पोरही आलं, पण ती थेट बंदरावरून मंडपात आली आणि भिवाच्या ओळखीच्या माणसाकडे परळला उतरली. सासूनं अट घालूनच पाठवलं असणार.

चाळीपुढच्या मंडपात सुंदराबाई चाळीतल्या बायकांबरोबर मागे बसली. व्यासपीठावर राधा पदर घट्ट ओढून बसली होती, उन्हानं रापलेली, थोराड झालेली. दौलतचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली. पोरगा तिच्या लुगड्याला धरून होता. चार वर्षांचा, सावळा, बापासारखेच बाहेर आलेले कान. राधेनं नारळ घेतला आणि गर्दीवरून नजर फिरवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. सुंदराबाईनं हात वर करावा असं मनात आणलं, पण आजूबाजूला कमलाबाई होती, बाकीच्या होत्या. ती तशीच बसून राहिली. राधेची नजर तिच्यापर्यंत पोचली की नाही ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

कार्यक्रम संपायच्या आतच भिवानं त्यांना नेलं, बोट त्या संध्याकाळची नव्हती, तरी त्याला घाई होती. सुंदराबाई मंडपाच्या दारापर्यंत पोचली तेव्हा घोडागाडी वळणावर गेली होती आणि पोर भिवाच्या खांद्यावर झोपलं होतं.

चाळीत नव्यानं राहायला आलेली एक घाटावरची बाई तिच्या शेजारी उभी होती. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. ती साडी घेऊन गेली ती पोराची आई तुमची कोण, असं तिनं सहज विचारलं.

सुंदराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "घरातलंच माणूस," ती म्हणाली, आणि लाडवांचा डबा कुणाकुणाला वाटायचा याचा विचार करत जिना चढू लागली.